डुबलकाकूंचा घाट

“हेल्मेट काढू नकोस,” इंगवले सर म्हणाले. “केस बघण्यासारखे राहिलेले नाहीत.”

“आणि हेल्मेट घालून काय दिसेल?”

“शिस्त दिसेल.”

दाजीपूरच्या जंगलाच्या कडेला, फोंडा घाटाचा उतार सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे, एका चहाच्या टपरीपुढे आम्ही उभे होतो. जानेवारीतली सकाळ. नऊ वाजून गेले तरी झाडांमधलं धुकं हललेलं नव्हतं. माझ्या उजव्या पोटरीवर वंगणाचा काळा पट्टा होता, तोंडावर राधानगरीपासूनची लाल धूळ होती आणि ट्रॅकपँटच्या आत सायकलवाल्यांची गादीची चड्डी होती. या चड्डीमुळे माणूस बसला की सुखात असतो आणि चालायला लागला की बदक होतो. अशा अवस्थेत मला बघायला कऱ्हाडहून मुलगा येत होता.

चूक माझीच होती. त्या रविवारी डुबल मंडळी इचलकरंजीला आमच्या घरी यायची होती. मी एकोणतीस वर्षांची, आधीची चौदा स्थळं या ना त्या कारणाने बारगळलेली, आणि आई पंधराव्यासाठी नवे पडदे शिवून बसलेली. नेमकी त्याच दिवसांत आमच्या रविवार सायकल मंडळाची मालवणची सहल दिवाळीपासून ठरलेली. तोंडावर नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून शनिवारी पहाटे फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून मी सटकले. ‘मालवणला जाते. मंगळवारी येईन. कुंड्यांना पाणी घाल.’

रविवारी सकाळी राधानगरीत आईचा फोन आला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अतिशय गोड आवाजात बोलली.

“काळजी करू नकोस गं. डुबलांना तसंही कणकवलीला साखरपुड्याला जायचंय. तुझ्याच रस्त्यानं जाणारेत. वाटेत तुला बघतील.”

“आई, मी जंगलात आहे!”

“हो, सांगितलंय मी त्यांना. पिवळं हेल्मेट म्हणून.”

आता माझ्या बाजूने माणसं कोण, तर हे तिघे. इंगवले सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, मंडळाचे म्होरके. गळ्यात शिट्टी. ते घरीही जेवायला बोलावताना शिट्टी मारतात, असं त्यांच्या मिसेस सांगायच्या. दुसरे आवटी अण्णा. त्यांचं हार्डवेअरचं दुकान. वजन नव्वदच्या पुढे आणि सायकल आजोबांच्या काळातली काळी, लोखंडी, विनागेअरची. गेअर म्हणजे कामचुकारपणा, असं त्यांचं ठाम मत. आमच्या सगळ्यांच्या अंगातले टी-शर्ट त्यांनीच छापून दिले होते. म्हणजे मला बघायला मुलगा येत होता तेव्हा माझ्या पाठीवर ‘आवटी हार्डवेअर – पत्रे, घमेली, खिळे-मोळे’ आणि खाली दुकानाचा फोन नंबर एवढा मजकूर होता. तिसरे डॉक्टर मुजावर.

पांढरी गाडी आली, थांबली, आणि तिच्यातून डुबल कुटुंब उतरलं. वडील दिनकरराव, गाडी स्वतः चालवत आलेले, साखर कारखान्यातून निवृत्त, अंगात कोट. मुलगा संग्राम, पुण्यात पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. उंच, शांत, पांढऱ्या शर्टाला करकरीत इस्त्री आणि बुटांना असं पॉलिश की त्यात झाडं दिसत होती. सगळ्यात शेवटी आई उतरल्या. ठेंगणी बाई, हिरवी रेशमी साडी, मांडीवर धरून आणलेली आहेराची पिशवी अजून हातातच.

“मुलीकडचे कोण?” दिनकररावांनी विचारलं.

“आम्ही,” तिघे एकदम म्हणाले.

“म्हणजे आपण कोण?”

“मी प्रशिक्षक,” सर म्हणाले.

“मी यांच्या मागनं येणारा,” अण्णा म्हणाले. ते खरंही होतं.

“मी डॉक्टर.”

दिनकररावांचा चेहरा जरा खुलला. “वा. कशातले?”

“म्हशी,” डॉक्टर म्हणाले.

टपरीपुढे एकच बाकडं होतं. त्यावर डुबल कुटुंब बसलं. आमची माणसं समोर दगडांवर. बघायचा कार्यक्रम म्हणजे पोहे पाहिजेत असं अण्णांचं म्हणणं, पण टपरीवाल्या मावशींकडे भजी आणि चहा एवढंच होतं. अण्णांनी चार प्लेट भजी सांगितली आणि हळूच मला खूण केली, तू घेऊन ये. मी ताट घेऊन निघाले. टपरीपासून बाकड्यापर्यंत पंधरा पावलं असतील. गादीच्या चड्डीतून चाललेली ती पंधरा पावलं मी अजून विसरलेले नाही.

दिनकरराव काळजीने पुढे झुकले. “पायाला काही दुखापत वगैरे...?”

“छे छे,” डॉक्टर म्हणाले. “ती गादी आहे.”

संग्रामने भजं उचललं आणि हसू आवरण्यासाठी अख्खंच्या अख्खं आत घातलं. त्याचे डोळे हसत होते. मला ते दिसलं आणि मी चटकन दुसरीकडे बघितलं.

“मुलीची माहिती,” दिनकरराव म्हणाले.

सर उभे राहिले. हात मागे बांधले. “तृप्ती खराडे. विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला चोपन्न. पन्हाळ्याचा चढ एकदाही पाय न टेकता. पंक्चर सहा मिनिटांत.”

“मी स्वयंपाकाचं विचारत होतो.”

“खाण्याचं म्हणाल,” अण्णा म्हणाले, “तर चार भाकऱ्या. चढ असला तर पाच.”

“अण्णा!” मी म्हटलं.

“खरं ते सांगावं गं. मागनं कटकट नको.”

“दात चांगले आहेत,” डॉक्टरांनी भर घातली. “पायात दोष नाही. स्वभाव थोडा मारका, पण तो सगळ्या चांगल्या जनावरांचा असतो.”

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, बरा स्वयंपाक करते, हे मला मध्ये सांगायचं होतं. पण माझ्या नातेवाइकांचा उत्साह असा होता की मला जागाच मिळेना. शेवटी दिनकररावांनी कप खाली ठेवला आणि थेट माझ्याकडे बघितलं.

“आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. छंद असावा माणसाला. पण हे लग्नानंतर... आवरतं घेता येतं ना?”

संग्राम आपल्या बुटांकडे बघायला लागला.

“आवरतं म्हणजे किती?” मी विचारलं.

“म्हणजे,” ते हसून म्हणाले, “पूर्ण.”

“हिला गेअर किती आहेत?”

आवाज एवढा बारीक होता की कोण बोललं ते आधी कळलंच नाही. डुबलकाकू. आल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. त्या बाकड्यावर बसलेल्याच होत्या, पण नजर माझ्यावर नव्हती. माझ्यामागे झाडाला टेकलेल्या माझ्या सायकलीवर होती. खाली वाकलेल्या दांडीची निळी लेडीज सायकल, पुढे घंटी, मागे कॅरिअर.

“एकवीस,” मी म्हटलं.

“अगो बाई. एवढे कशाला?”

“चढाला हलकी करता येते.”

“बसून बघू?”

“शालन,” दिनकरराव म्हणाले, “साडी नवी आहे.”

“आईला कुठं सायकल येते?” संग्राम हसत म्हणाला.

काकूंनी आहेराची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. पदर खोचला, निऱ्या जरा वर घेऊन कमरेला अडकवल्या, सायकल झाडापासून काढली, आणि मी ‘सांभाळून’ म्हणायच्या आत एक पाय पायडलवर ठेवून दोनदा जमीन ढकलून टांग न मारता अलगद सीटवर बसल्या. असं बसणं एका दिवसात येत नाही. ते शाळेत असताना येतं, आणि मग राहतं.

टपरीपुढे त्यांनी एक फेरी मारली. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी फेरी जरा लांब, मैलाच्या दगडापर्यंत. तिकडून घंटी वाजवत परत आल्या, आमच्यापुढून गेल्या, पण थांबल्या नाहीत. तिसऱ्या फेरीला मैलाचा दगड गेला, पुढचं सागाचं झाड गेलं, आणि त्या वळणाआड झाल्या. घंटी थोडा वेळ ऐकू येत राहिली. मग तीही येईनाशी झाली.

आम्ही वाट बघितली. मावशींनी दुसरा घाणा काढला.

“ते वळण,” संग्राम सावकाश म्हणाला, “त्याच्यापुढं काय आहे?”

“घाट,” सर म्हणाले.

“किती?”

“दहा-बारा किलोमीटर.”

“उतार?”

“सगळाच.”

दिनकरराव असे उठले की बाकडं उलटलं. मग जे झालं त्याला सर अजून ‘मोहीम’ म्हणतात. सरांनी शिट्टी मारली, सायकलवर उडी घेतली आणि पन्नास मीटरवर खिळ्यावरून जाऊन पंक्चर झाले. दिनकरराव गाडीकडे पळाले. मला सायकलच नव्हती. मी अण्णांची काळी सायकल ओढली, कॅरिअरवरचं सामान खाली टाकलं.

“मीही येतो,” संग्राम म्हणाला.

“डॉक्टरांची सायकल घ्या!”

तो लाल झाला. “मला येत नाही.”

“काय येत नाही?”

“सायकल.”

वाद घालायला वेळ नव्हता. “बसा मागे,” मी म्हटलं.

आणि असा मला बघायला आलेला मुलगा, आहेराची पिशवी छातीशी धरून, माझ्या मागे कॅरिअरवर बसला आणि आम्ही फोंडा घाटात शिरलो.

गाडी आमच्या मागून येणार होती. ती का आली नाही, ते नंतर अण्णांनी सांगितलं. दिनकरराव, अण्णा आणि डॉक्टर गाडीतून निघाले आणि वळणावरच सात गवे रस्त्यावर उभे. काळे, प्रत्येक जण गाडीएवढा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. दिनकरराव हॉर्न दाबणार तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. ही माझी शाखा आहे, म्हणाले, इथं माझं ऐकायचं. मग पन्नास मिनिटं गाडी बंद करून तिघे बसून राहिले. डॉक्टर दिनकररावांना हलक्या आवाजात गव्यांची पचनसंस्था समजावून देत होते. अण्णांनी येताना भजी बांधून घेतली होती.

इकडे आम्ही दोघे. अण्णांच्या सायकलचे ब्रेक म्हणजे चाकाला केलेली विनंती. दोन माणसांचं वजन, त्यात उतार. पहिल्याच वळणावर मला कळलं की ही सायकल आता मी चालवत नाहीये.

“बूट टेका रस्त्याला!” मी ओरडले.

“काय?”

“बूट! दोन्ही! घासा!”

त्याने का म्हणून विचारलं नाही. ते आरशासारखे बूट त्याने डांबरावर टेकवले. मागून खर्रर्र असा आवाज आणि जळक्या रबराचा वास आला. सायकल माणसात आली.

“असं?” तो म्हणाला.

“असंच! वळण आलं की दाबायचं, सरळ आलं की उचलायचं!”

“आईऽऽ!” त्याने खाली दरीकडे बघून हाक मारली.

आणि त्या दिसल्या. आमच्या खाली दोन वळणं सोडून, झाडांच्या मधल्या फटीतून, निळी सायकल आणि वर हिरवी साडी. खोचलेला पदर केव्हाच सुटला होता आणि मागे सरळ आडवा उडत होता. वळण आलं की त्या आतल्या बाजूला झुकायच्या, सरळ आलं की ताठ व्हायच्या. पडायचं कुठं चिन्ह नव्हतं. आणि आवाज येत होता. आधी वाटलं ओरडतायत. मग नीट ऐकू आलं. हूऽऽ असा लांब, मुलं जत्रेतल्या पाळण्यात वरून खाली येताना काढतात तसला.

“ही आमची आई नाही,” संग्राम म्हणाला.

“मग कोण?”

“म्हणजे आहे. पण ती घरी असा आवाज काढत नाही.”

खर्रर्र. वळण गेलं.

“तुमच्या घरात सायकल नव्हती?” मी विचारलं.

“कधीच नाही. मला दहावीला पाहिजे होती तर आई म्हणाली, नको.”

“का?”

“विचारलं नाही.”

तेवढ्यात सरळ पट्टा आला. आम्ही दोघं मिळून भारी, त्या एकट्या हलक्या. अंतर भराभर कमी व्हायला लागलं. आता त्यांची वेणीसुद्धा दिसत होती.

“घ्या पुढं!” संग्राम म्हणाला. “पुढं जाऊन अडवू या!”

मला जमलं असतं. मी हँडल घट्ट धरलं, आणि का ते सांगता येत नाही, पण म्हटलं, “बूट टेका.”

“अहो, सरळ आहे रस्ता!”

“टेका म्हणते ना.”

त्याने टेकवले. अंतर पुन्हा वाढलं. मग तो मागून म्हणाला, “बरं.” आणि आणखी एका वळणानंतर, “मजा येतीय तिला, नाही?”

तिथून पुढे आम्ही त्यांच्या मागे दोन वळणांचं अंतर राखून उतरलो. तो मधूनमधून बोलत होता. पुण्यात खोलीवर एकटा असतो, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता विसरतो, रविवारी करमत नाही. मी मधूनमधून ‘दाबा’ आणि ‘उचला’ म्हणत होते. चौदा स्थळांच्या कार्यक्रमांत मिळून मी जेवढं हसले नव्हते तेवढं त्या सहा-सात किलोमीटरमध्ये हसले. आणि शेवटच्या वळणाला माझ्या लक्षात आलं की वडील कसेही असोत, या माणसाला मी हो म्हणणार आहे.

खाली गावात पोचलो तेव्हा काकू एका दुकानापुढच्या फळीवर बसून कोकम सरबत पीत होत्या. केस सुटलेले, गाल लाल, साडीच्या काठाला वंगण. माझी सायकल शेजारी नीट स्टँडवर.

“आई! लागलं का कुठं? ब्रेक गेले होते का?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “ब्रेक होते.”

“मग?”

“दाबावेसे वाटले नाहीत.”

संग्रामने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. उजव्यातून मोजा दिसत होता. मग तो हसायला लागला आणि आईच्या शेजारी फळीवर बसला. आम्ही तिघं सरबत प्यायलो. काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, “खिळे-मोळे का गं लिहिलंय?” मी सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की सरबत नाकात गेलं.

तासाभराने गाडी आली, टपावर डॉक्टरांची सायकल आणि अण्णांचं सामान बांधून. मागून सर आले, पंक्चर काढून. स्वतःचं पंक्चर त्यांना पंचवीस मिनिटं लागलं होतं, हे आम्ही पुढे कितीतरी दिवस पुरवून वापरलं. दिनकरराव गाडीतून उतरले, बायकोला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, काहीतरी बोलणार होते, पण रस्त्यावर माणसं होती. त्यांनी कोट सारखा केला आणि सरांकडे वळले.

“बरंय. झाला कार्यक्रम. आम्ही घरी जाऊन कळवतो.”

“कळवायचं काय त्यात?” काकू म्हणाल्या. “आत्ताच सांगून टाकते. ही मुलगी आपल्याला नको.”

माझ्या हातात सरबताचा रिकामा पेला होता. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

“का ओ वहिनी?” अण्णा म्हणाले. “पोरगी सोन्यासारखी हाय. भाकऱ्यांचं मी जरा वाढवून सांगितलं होतं...”

“नको म्हणजे नको.”

“आई,” संग्राम म्हणाला.

“गाडीत बस.”

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी काही बोलेन असं त्याला वाटत असावं. तो काही बोलेल असं मला वाटत होतं. मग तो गाडीत बसला. काकू माझ्या सायकलीजवळ आल्या, पदराने हँडल पुसलं, आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसल्या. मागच्या काचेतून त्याचा चेहरा बराच लांबपर्यंत दिसत होता.

मालवणला जाईपर्यंत तिघांनी माझ्या नकारावर एवढी चर्चा केली की समुद्र मला नीट आठवतच नाही. सरांच्या मते पोटरीवरचा वंगणाचा पट्टा नडला. डॉक्टरांच्या मते घरात दुसरं मारकं जनावर चालत नाही. अण्णा दर पाच किलोमीटरला स्वतःवर दोष घेत होते. आईला मी फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, “हेल्मेट काढलं नसशील.” माझ्या मनात एकच होतं. फळीवर बसून माझ्याबरोबर हसणाऱ्या बाईला तासाभरात माझ्यात वाईट काय दिसलं?

पुढे सप्टेंबर गेला, ऑक्टोबर आला. आंबा घाटाची सहल ठरली. ठरल्या वेळी सकाळी अण्णांच्या दुकानापुढे गेले तर तिथे सर, अण्णा, डॉक्टर आणि चौथी एक लाल सायकल. सायकलीशेजारी सलवार-कमीज घातलेली ठेंगणी बाई. ओढणीची कमरेला गच्च गाठ मारलेली.

“तुझ्या पाठीवर नंबर होता,” डुबलकाकू म्हणाल्या. “पाठ करून ठेवला होता. अण्णांना फोन केला.”

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी हवा भरायला सुरुवात केली.

“घरी काय सांगितलंय?” सरांनी विचारलं.

“बहिणीकडं इचलकरंजीला जाते म्हणून. काल तिच्याकडंच होते की.”

मलकापूर येईपर्यंत मी त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोलले नाही. त्या मात्र बोलत होत्या. संग्रामचं लग्न मे महिन्यात झालं. मुलगी साताऱ्याची, चांगली आहे, गाडी तीच चालवते, तो शेजारी बसतो. हे ऐकताना मला वाटलं होतं त्यापेक्षा जरा जास्त लागलं. पुढे यथावकाश माझंही लग्न झालं आणि बरं झालं, पण त्या सकाळी ते मला माहीत नव्हतं.

चढ लागला. बाकीचे पुढे गेले. मी विचारलंच.

“मला नको का म्हणालात?”

काकूंनी गेअर बदलला. चुकीचा. मग बरोबर.

“मी सातवीपासून सायकलनं शाळेत जात होते,” त्या म्हणाल्या. “वडलांनी लग्नात सायकल दिली. सासऱ्यांनी ती माळ्यावर टाकली. चार वर्षांनी काढली आणि मागचं चाक विहिरीच्या रहाटाला लावलं. अजून आहे. मी रोज त्याच चाकावरून पाणी ओढत होते.”

“म्हणून? माझी सायकल काका माळ्यावर टाकतील म्हणून? ते मी बघून घेतलं असतं. मला विचारायचं तरी! तुम्हाला कुणी विचारलं नाही, तुम्ही मला विचारलं नाहीत. मी हो म्हणणार होते काकू.”

“दिसत होतं तोंडावर. म्हणून तर घाई केली.”

“काकांच्या भीतीनं?”

“ह्यांना काय भ्यायचंय?” काकू धापा टाकत म्हणाल्या. “मला माझीच भीती वाटली. सून सायकलवरनं हिंडते, म्हणून दोन बायका बोलल्या असत्या. ह्यांच्या आधी मीच तुला म्हटलं असतं, ठेव बाई माळ्यावर. संग्रामला दहावीला मीच नको म्हटलं होतं. दुसऱ्याला मिळाली की माझ्या पोटात कसंतरी होतं, हे मला माहीत आहे. त्या दिवशी घाटात ते कसंतरी थांबलं. पण किती दिवस थांबेल, कुणाला ठाऊक? सासू म्हणून मी बरी निघाले नसते तृप्ती.”

मला राग आला होता, आणि त्या खरं बोलत होत्या, आणि या दोन्हींचं एकमेकांशी जमत नव्हतं. मी जोरात पायडल मारून पुढे निघून गेले. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता, मग तोही मागे पडला.

चार वळणं गेल्यावर खालून आवाज आला. मी थांबून बघितलं. काकूंची चेन उतरली होती. त्या रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून दोन्ही हातांनी ती चढवत होत्या, ती पुन्हा निसटत होती, आणि त्या तिला विनवत होत्या, “अगं बस की गं माझे बाई, बस, लोक पुढं गेले.” नाकाला वंगण लागलेलं.

मी जरा वेळ वरूनच बघत राहिले. मग सायकल वळवली आणि उतारावरून खाली त्यांच्याकडे गेले.

“सरका,” मी म्हटलं. “आधी मागचा गेअर खाली घ्यायचा असतो.”

“दाखव,” त्या म्हणाल्या, आणि सरकल्या.